छत्तिसावा दिवस

वसतिगृहाच्या प्रवेश अर्जात रक्तगट, स्थानिक पालक, त्यांचा मोबाईल नंबर असे रकाने भरत खाली आलं की एक ओळ असते: 'काही आजार असल्यास तपशील'. दम्याचा मुलगा तिथे दमा लिहितो. फिट येणारा मुलगा लिहू की नको करत अखेर लिहितो, कारण रात्री-अपरात्री काही झालं तर पार्टनरला ठाऊक असलेलं बरं, असं घरच्यांनी बजावलेलं असतं. व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस काढून, पुढच्या गोळ्या बॅगेत घेऊन आलेला मुलगा मात्र तिथे 'नाही' लिहितो. वडील शेजारी उभे असतात. तेही ओळ वाचतात आणि दुसरीकडे बघतात. खरं लिहिलं तर खोली मिळणार नाही, एवढं दोघांनाही कळतं. गावाकडे नातलगांना आधीच सांगून झालेलं असतं की पोराला कावीळ झाली होती, म्हणून महिनाभर दिसला नाही.

पस्तीस हा आकडा पुण्याच्या मुक्तांगणचा. अनिल अवचटांनी ब्राऊन शुगरच्या, म्हणजे तेव्हाच्या पोरांच्या तोंडच्या 'गर्द'च्या, व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याला केंद्र सुरू केलं. तिथे दाखल झालेल्याला रुग्णमित्र म्हणतात. त्याच्याशी बोलायला बसणारा समुपदेशक पुष्कळदा स्वतःच त्या खड्ड्यातून वर आलेला असतो, त्यामुळे त्याच्यापुढे थापा चालत नाहीत. दारुड्यांच्या बायकांसाठी अनिताताईंनी 'सहचरी' नावाचा गट काढला. नशा सुटून वर्ष झालं की वाढदिवस साजरा होतो. मराठी मुलखात व्यसनमुक्तीची जी भाषा आज बोलली जाते, तिचा बराचसा भाग या एका जागेतून आलेला आहे.

साताऱ्यात हेच काम 'परिवर्तन' करते. डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हटलं की अंधश्रद्धा निर्मूलन आणि 20 ऑगस्ट 2013 ची, त्यांच्या खुनाची, ती पुण्यातली सकाळ आठवते. साताऱ्यात व्यसनमुक्तीचं केंद्रही त्यांनीच उभं केलं, हे बाहेरच्यांना कमी माहीत असतं. दाभोलकर जन्माने साताऱ्याचे, पण कॉलेज सांगलीचं विलिंग्डन आणि डॉक्टरकी मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली. शिवाजी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचे ते कप्तानही होते. म्हणजे इथे सांगली आणि सातारा या ज्या दोन जिल्ह्यांबद्दल आपण बोलतो आहोत, तिथलंच विद्यार्थीपण त्यांनी जगलेलं. आज त्यांचे चिरंजीव, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर, ते काम पुढे नेत आहेत. परिवर्तनने गावोगावचे साधे कार्यकर्ते निवडून त्यांना भावनिक प्रथमोपचार शिकवला. या कार्यकर्त्यांना तिथे 'मानसमित्र' म्हणतात. हा शब्द लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता तो मुलगा. छत्तिसाव्या दिवशी त्याला न्यायला आईवडील येतात. स्वारगेटहून एसटी, खंबाटकीचा घाट, आईने डब्यात आणलेली चटणी-भाकरी. घरी आठ-पंधरा दिवस बरे जातात. मग कॉलेज. सांगलीच्या विश्रामबागेत उतरलं की विलिंग्डन आणि वालचंद ही दोन जुनी कॉलेजं जवळजवळ, एक 1919 चं, दुसरं 1947 चं. भोवती कॉट बेसिसच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं, चहाचे गाडे. साताऱ्यात सदर बझार, कॅम्प, शाहूपुरी इथेही तेच चित्र. तीच कॉट, तोच पार्टनर आणि कोपऱ्यावर मावा घोटून देणारी तीच टपरी. केंद्रात त्याचा दिवस तासातासाने बांधलेला होता: उठणं, व्यायाम, गटचर्चा, जेवण, भांडी, दिवे बंद. इथे संध्याकाळी सहापासून रात्री बारापर्यंतचे सहा तास सुटे पडलेले. पूर्वी या सहा तासांचं काय करायचं ते व्यसन ठरवत होतं. आता कुणीच ठरवत नाही.

मेंदूच्या बाजूने बघितलं तर हे सहा तास फार मोठे आहेत. नशेच्या पदार्थाने मेंदूतली 'हे छान आहे, पुन्हा कर' सांगणारी यंत्रणा इतक्या जोरात ढवळलेली असते की साधं जेवण, मॅच, सिनेमा काही महिने फिके लागतात. त्यातून आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. विशीतल्या मुलाचं व्यसन सोडवणं म्हणजे ब्रेक अजून बसवले जात असलेली गाडी उतारावर थांबवणं. आणि मेंदू जागा विसरत नाही. उसाच्या रानात जुना पाट बुजवून वर लागण केली, तरी पहिल्या दणक्याच्या पावसात पाणी तिथूनच धावतं. ठरावीक पुलाखालचा अंधार, कुणीतरी फाडलेल्या वेफरच्या पाकिटाचा आवाज, महिन्याच्या एक तारखेला घरून आलेले पैसे: एवढं पुरतं. केंद्रातले लोक याला 'ट्रिगर' म्हणतात आणि त्यातून उठणाऱ्या ओढीला 'क्रेव्हिंग'. ही ओढ लाटेसारखी असते, थोड्या वेळाने ओसरते. ती ओसरेपर्यंत शेजारी कोण बसलेलं आहे यावर पुष्कळ काही ठरतं.

म्हणूनच केंद्रांत चार प्रश्न शिकवतात. ओढ लागली की आधी स्वतःला विचारायचं: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटं वाटतं आहे का, थकलो आहे का? मेसला रविवारी रात्री सुट्टी असते, त्या रात्री पोरांच्या बाबतीत चारही उत्तरं एकदम 'हो' येतात. हा विनोद वाटेल, पण रविवार रात्रीचं जेवण कुठे आणि कुणाबरोबर, एवढी एक गोष्ट ठरवून ठेवली तरी आठवड्यातली सगळ्यात निसरडी वेळ निभावते.

आणि तरीही पाय घसरतो. व्यसनांवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने मांडलेला अंदाज असा की उपचारानंतर 40 ते 60 टक्के लोकांमध्ये व्यसन परत डोकं वर काढतं. आकडा ऐकून बाप हबकतो. पण त्याच संस्थेने शेजारी रक्तदाब आणि दम्याचे आकडे ठेवले आहेत, आणि ते काही कमी नाहीत. गोळ्या बंद केल्या, मीठ वाढलं, रक्तदाब पुन्हा चढला, तर डॉक्टर 'तुझ्यावर केलेला खर्च पाण्यात गेला' असं म्हणत नाहीत, गोळी बदलतात. व्यसनाच्या बाबतीत मात्र घर, कॉलेज आणि तो मुलगा, तिघेही एकाच रात्रीत निकाल लावून मोकळे होतात. एकदा घेतली ही 'स्लिप'. स्लिपनंतर लाजेने लपून बसला, मिटिंग टाळली, फोन बंद केला की तिचा 'रिलॅप्स' होतो. दोहोंच्या मध्ये काही तास असतात, फार तर दोन-तीन दिवस. त्या वेळात 'अरे, घसरलो' एवढं ज्याला सांगता येईल असा एक माणूस कॉलेजच्या आवारात असावा लागतो.

इथे दोन गोष्टी पार्टनरने जाणून ठेवाव्यात, कारण त्या जिवाशी आहेत. काही महिने बंद असलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्याच मापाने घेतलं तर तेच माप घात करू शकतं. अफूच्या जातीच्या पदार्थांत हे सर्रास होतं. दुसरी गोष्ट उलट बाजूची. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू मित्रांनी प्रेमापोटी खोलीत कोंडून एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावतो. हे काम डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावं. सांगलीला आणि साताऱ्याला सरकारी रुग्णालयं आहेत, मिरज तर डॉक्टरांचं गाव. कोंडून ठेवायची काही गरज नाही.

हे सगळं आता का सांगायचं? दारू काय, मावा काय, इथे पूर्वीपासून होतंच. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि मिरजेपासून कर्नाटकची हद्द किती लांब आहे ते टपरीवाल्याला विचारावं. पण गेल्या काही वर्षांत पदार्थ बदलले. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या तपासाचे धागे कुपवाडपर्यंत आले आणि तिथे मेफेड्रॉनचा, म्हणजे पोरं ज्याला एमडी म्हणतात त्या पावडरीचा, शंभर किलोहून मोठा साठा सापडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात चक्क कारखाना पकडला. तिथेही शंभर किलोच्या वर माल. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ आणखी एक. द्राक्षांच्या आणि उसाच्या तालुक्यांत ही पावडर बनते आहे, हे वाचून सांगली जिल्हा हादरला. त्याहून कमी गाजलेली गोष्ट मेफेंटरमाईनच्या इंजेक्शनची. भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर जे वापरतात, ते पोरं व्यायामशाळेत दम वाढावा म्हणून टोचून घेतात. ज्याला आपण नशा करतो आहोत असं वाटतच नाही, त्याला ती सोडायला कुणी कशी मदत करणार? तालमींच्या या मुलखात शरीर कमावण्याच्या नावाखाली शिरलेलं हे व्यसन ओळखायला घरच्यांना सगळ्यात उशीर होतो. पोरगं पहाटे उठून जिमला जातं, याचा आईला अभिमानच असतो.

अशा बातमीनंतर कॉलेजं काय करतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन, प्रभातफेरी, पोस्टर स्पर्धा, सभागृहात हात पुढे करून शपथ, पोलीस अधिकाऱ्यांचं व्याख्यान. वाईट काही नाही त्यात. या मुलखाला व्यसनविरोधी चळवळीची परंपराही आहे. जावळी तालुक्यात बायकांनी 'आडव्या बाटली'ला मतं देऊन दारूची दुकानं बंद पाडली. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाने कीर्तनातून तरुण गोळा केले. 31 डिसेंबरला अंनिस आणि परिवर्तनचे कार्यकर्ते 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत चौकात दूध वाटतात. पण हे सारं ज्याने अजून घेतलेली नाही त्याच्यासाठी, किंवा जो विकतो त्याच्याविरुद्ध. सभागृहात शपथ घेणाऱ्यांत चौथ्या ओळीत आपला मुलगा बसलेला असतो. 'मी कधीही कोणत्याही अमली पदार्थाला स्पर्श करणार नाही' हे वाक्य त्याने कसं म्हणायचं?

कायद्याचाही यात एक गमतीदार हातभार आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 वर्षं आणि कडक दारूसाठी 25. म्हणजे कागदावर पदवीच्या वर्गात कडक दारू पिणारा एकही मुलगा नाही. जो पीतच नाही त्याच्या सोडण्याची व्यवस्था कुठलं कॉलेज कशाला करेल? मदत मागणं म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं मुलाला वाटतं आणि संस्थेलाही वाटतं. प्रत्यक्षात कायदा इतका आंधळा नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम 64 अ असं आहे की स्वतः सेवन करणारा, थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात अडकलेला माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून सवलत मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येत बसवलं आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला. कॉलेजच्या नियमपुस्तिकेत मात्र व्यसन 'शिस्तभंग' याच मथळ्याखाली सापडतं, रॅगिंगच्या शेजारी.

2019 मध्ये केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेलं देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. 10 ते 75 वयोगटात दारू पिणारे 14.6 टक्के, म्हणजे सुमारे 16 कोटी. हा आकडा सगळ्यांनी छापला. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोचतो: दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळतो तो 180 मध्ये एकाला. म्हणजे अर्जावर 'नाही' लिहिणारा आपला मुलगा नशीबवान आहे. एकशेऐंशीतला एक. एवढं करून केंद्रातून बाहेर आलेला हा एक मुलगाही आपल्याला सांभाळता येऊ नये?

त्याला सांगितलेलं असतं: ए.ए.च्या मिटिंगला जा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा बंधुभाव 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एका शेअरदलालाच्या आणि एका डॉक्टरच्या भेटीतून जन्मला. फी नाही, नाव विचारायचं नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. आपल्याकडे लहान शहरांतही एखाद्या शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या खोलीत या मिटिंगा चालतात. मुलगा जातो. लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेले वीस-पंचवीस लोक, बहुतेक पन्नाशीचे. एकेक जण उठून 'शेअरिंग' करतो. कुणाची बायको सोडून गेली, कुणाची एसटीतली नोकरी गेली, कुणाचं यकृत गेलं. मुलगा ऐकतो आणि त्याच्या मनात येतं: माझं यातलं काहीच गेलेलं नाही. दोन विषय राहिलेत फक्त. मी काही यांच्याइतका पोचलेलो नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून तो येत नाही. यात त्या काकालोकांची काही चूक नाही. त्यांनी त्याला चहा दिलेला असतो, फोन नंबर दिलेला असतो. पण 'मला एटीकेटी लागली आणि निकालाच्या दिवशी सगळे बसले तेव्हा मी कुठे जायचं' हा प्रश्न पन्नाशीच्या माणसाला विचारता येत नाही. तो ज्याला विचारता येईल, असा वीस वर्षांचा सोबर मुलगा त्या खोलीत नसतो. तो बहुधा शेजारच्या कॉलेजात, असाच 'नाही' लिहून, असाच एकटा बसलेला असतो.

नेमकी हीच अडचण पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत काहींच्या लक्षात आली. 1977 मध्ये ब्राऊन विद्यापीठात ब्रूस डॉनोव्हन या ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या प्राध्यापकाने व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचं पालकत्व अधिकृतपणे अंगावर घेतलं. 1983 मध्ये रटगर्स विद्यापीठाने या कामासाठी लिसा लेटमन यांना नेमलं आणि 1988 मध्ये अशा मुलांसाठी आवारातच वेगळं राहण्याचं घर दिलं. 1986 मध्ये टेक्सास टेकने शिष्यवृत्त्या आणि नियमित वर्ग जोडले, 1997 मध्ये मिनेसोटातल्या ऑग्सबर्ग कॉलेजने 'स्टेप अप' नावाने मोठा निवासी उपक्रम उभारला. आज तिथल्या कितीतरी विद्यापीठांत हे आहे. आत शिरून बघितलं तर त्यात थक्क व्हावं असं काही सापडत नाही: एकत्र राहणं, आठवड्याची बैठक, एक जाणता माणूस, आणि शनिवारी रात्री दारूशिवायचं काहीतरी. मुलं अभ्यासात मागे पडली की त्यांना उचलणं हेही त्याच माणसाचं काम.

एकत्र राहण्याने माणूस घडतो ही गोष्ट साताऱ्याने मिनेसोटाकडून शिकावी, ही मला थोडी शरमेची वाटते. कारण कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तेव्हा त्यांचा सगळा भर त्यावरच होता. निरनिराळ्या जातींची मुलं एका ठिकाणी राहतील, आळीपाळीने भाकरी थापतील, एका पंगतीला बसतील. 1927 मध्ये गांधीजींनी येऊन त्या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, ही कथा साताऱ्यात शाळकरी पोरही सांगतं. त्या काळात बाहेरच्या जगात अस्पृश्य ठरलेला मुलगा बोर्डिंगमध्ये आला की त्याच्या कपाळावरचा तो शिक्का पंगतीत बसून बसून पुसला जाई. नंतर 'कमवा आणि शिका' आलं: शिकायला पैसे नाहीत तर काम कर, राहा, शीक. अशा मुलाला आजही कुणी हिणवत नाही, उलट त्याचं कौतुक होतं. व्यसनातून उठलेल्या मुलाला हवं आहे ते याच घराण्यातलं काहीतरी: राहायला जागा, रिकाम्या संध्याकाळी हाताला काम, आणि पंगत.

त्यासाठी वेगळी इमारत लागते असं नाही. एका कॉलेजात अशी मुलं दोन-तीनच उघड होतील. पण दोन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातले, शिवाय साताऱ्यात आता कर्मवीरांच्या नावाचं स्वतंत्र विद्यापीठ आहे, कराडला आणि मिरजेला वैद्यकीय शिक्षण आहे. सांगलीच्या पाच-सहा कॉलेजांनी मिळून आठवड्यातली एक संध्याकाळ आणि एक खोली ठरवली, साताऱ्यानेही तसंच केलं, तरी दहा-बारा मुलांचा गट जमतो. तिथे परिवर्तनच्या मानसमित्राची कल्पना कामाला येते. गावातला शेतकरी किंवा शिक्षिका जर भावनिक प्रथमोपचार शिकू शकते, तर एनएसएसची मुलं, मेसचे मामा आणि वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमही शिकू शकतात. मेसच्या मामांचं नाव मी मुद्दाम घेतो. कोण जेवायला आलं नाही, कुणाचे डोळे लाल आहेत, कोण उधारी मागायला लागलं, हे प्राचार्यांच्या आधी त्यांना कळतं.

बाकी बरंचसं कारकुनी आहे, आणि कारकुनीत मुलं हरवतात. पंधरवड्यातून एकदा फॉलोअपला साताऱ्याला किंवा पुण्याला जायचं तर 75 टक्के हजेरीचं काय? आजारपणाच्या दाखल्यावर ती धरता येते, पण दाखल्यावर केंद्राचं नाव असलं की तो टेबलावरून टेबलावर वाचला जातो. बंद पाकिटात एकाच नेमलेल्या प्राध्यापकाकडे तो द्यायची सोय हवी. मानसिक आरोग्य कायद्यातली गुप्तता प्रत्यक्षात म्हणजे हे पाकीट. ज्याचं एखादं सत्र उपचारात गेलं त्याला 'वर्ष वाया' म्हणून घरी बसवण्याचं आता कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी क्रेडिटची बँक आणली आहे. मिळवलेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहतात, मधे थांबून परत येता येतं. ही सोय कुणीतरी त्या बापाला समजावून सांगायला हवी. त्याला वाटत असतं, पोरगं आता पोकलेन मशीनवर लावावं तेवढंच उरलं.

पैशाचं तर अगदी साधं आहे. पहिले सहा महिने मेसचं बिल आणि खोलीभाडं वडिलांनी परस्पर भरावं, मुलाच्या खात्यात एकरकमी शिष्यवृत्ती यायच्या दिवशी घरच्या कुणीतरी भेटायला यावं. यात अविश्वास नाही, आणि असला तरी केंद्रात शिकलेला मुलगा तो समजून घेतो. बहुतेकदा तोच सुचवतो. सहलीचं अवघड आहे. सांगलीहून 'इंडस्ट्रियल व्हिजिट' हमखास गोव्यालाच निघते, आणि तिथल्या उद्योगांपैकी कोणता बघायचा हे बसमध्ये बसल्यावर ठरतं. या मुलाला त्या सहलीतून 'घरी कार्य आहे' असं खोटं न बोलता वगळता यावं, गुण न कापले जाता.

आणि मित्र. 'भावा, एक घोट घे, काय हुतंय' म्हणणारा मित्र वाईट नसतो. त्याला खरंच वाटत असतं की एका घोटाने काही होत नाही, कारण त्याला स्वतःला काही होत नाही. त्याला व्याख्यानाची गरज नाही. एकदा सरळ सांगितलं की याला चालत नाही, जसं शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला चालत नाही, तर सांगलीकडची पोरं तेवढ्यावर पुरे करतात, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी आग्रह केला तर तीच त्याला गप्प बसवतात. पार्टनरने पहारेकरी व्हायचं नाही. खिसे तपासायचे नाहीत, तोंडाचा वास घ्यायचा नाही. रात्री अकराला तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला की 'चल, आयर्विन पुलापर्यंत चक्कर मारून येऊ' एवढं म्हणायचं. घसरलाच, तर सकाळी चहा देऊन विचारायचं, कुणाला फोन लावू? केंद्राचा नंबर त्याच्याकडे असतोच. नसला तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, आणि मनाच्या कुठल्याही दुखण्यासाठी 14416 हा टेलिमानसचा नंबर.

एक गोष्ट राहिली, फार लहान. बऱ्याच वसतिगृहांचं गेट रात्री आठला नाहीतर साडेआठला बंद होतं. मिटिंग सात ते साडेआठ असते, त्यानंतर मंडळी चहाला थांबतात, आणि खरं बोलणं चहावरच होतं. परत यायला नऊ वाजतात. त्या एका वारी या मुलाला साडेनऊपर्यंत आत घेण्याची परवानगी रजिस्टरमध्ये लिहावी लागते, आणि रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना कारणाचा असतो. वॉचमन पेन पुढे करून उभा असतो.